सल्फेटचं भूत

गेलं वर्षभर मी 'सल्फेट-फ्री' शाम्पूला नेहमीच्या चौपट पैसे मोजले. शिवाय केस आठवड्यातून एकदाच धुवायचे, आदल्या रात्री तेल थापायचं. परिणाम? काळा शर्ट घालायची सोय राहिली नाही. शेवटी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी डोकं बघून एवढंच विचारलं, "शेवटचं कधी धुतलंत?"

च्यायला!

तर मंडळी, हे सल्फेट प्रकरण एकदा नीट बघूच. शाम्पूतला साफ करणारा रेणू दोन तोंडांचा असतो. एक तोंड तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि मळ मोरीत वाहून जातो. सोडियम लॉरिल सल्फेट हा त्यातला दांडगट. त्वचेला मुद्दाम त्रास देऊन बघायच्या प्रयोगांत तोच वापरतात, हे खरं. पण तिथे तो पट्टीखाली २४-२४ तास बांधून ठेवतात हो! तुम्ही दोन मिनिटांत धुऊन टाकता. त्यात आज बऱ्याच बाटल्यांत असतं ते लॉरेथ सल्फेट, म्हणजे त्याचं मवाळ भावंड. जोडीला बीटेन असलं की ते आणखी कमी झोंबतं. कॅन्सरचं म्हणाल तर ती १९९० च्या दशकाअखेरीस ईमेलवरून फिरलेली अफवा.

मग माझ्या महागड्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली. सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट. नावात सल्फेट नाही, कबूल! पण तेल ओढून काढण्यात हा गडीही काही कमी नाही. आणि ते सौम्य बीटेन? कोकामिडोप्रोपिल बीटेनला अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने २००४ चा 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. (दोष बहुतेक वेळा त्यात उरलेल्या अशुद्ध घटकांचा असतो, पण खाज आपल्यालाच येते.) थोडक्यात, बाटलीत काय 'नाही' हे वाचून काही कळत नाही.

"मग आजीचा रिठा?" अहो, रिठ्यातलं सॅपोनिनही तेच दुतोंडी काम करतं. डोळ्यात गेल्यावर काय होतं, आठवतंय ना?

एक्झिमा असेल, टाळू कोरडी पडत असेल तर सौम्य शाम्पू जरूर घ्या. माझं दुखणं उलटं होतं. कोंड्यात मोठा हात मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा, आणि ती जगते टाळूवरच्या तेलावर. म्हणजे धुणं टाळून मी तिला आठवडाभर जेवू घालत होतो! खोबरेल केसांना चांगलं, पण कोंडा असताना टाळूवर रात्रभर नको.

डॉक्टरांनी कीटोकोनॅझोलचा शाम्पू दिला. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. महिन्याभरात काळा शर्ट कपाटाबाहेर आला.

महागडी बाटली अजून अर्धी आहे. कंगवे मस्त निघतात तिने.