मोठे चित्र आणि पहिला कॅमेरा

आमच्या वाशिमात ‘मोठे छायाचित्र’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो चौकातला फ्लेक्स. हात जोडलेले नेते, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि तळाशी टिकलीएवढ्या चेहऱ्यांची रांग. दहा फुटी असे हे चित्र पुष्कळदा मोबाइलवरच काढलेले असते. तरीही रस्त्याने जाणाऱ्याला ते धूसर वाटत नाही. पहिला डिजिटल एसएलआर घेऊन मोठे प्रिंट काढू पाहणाऱ्याने आपला विचार या फ्लेक्सपासूनच सुरू करावा, असे मला वाटते. चित्रात किती तपशील हवा, हे पाहणारा किती दूर उभा आहे यावर ठरते, आणि कॅमेऱ्याच्या जाहिरातीत नेमके हेच अंतर कधी लिहिलेले नसते.

हिशेब साधा आहे. सामान्य डोळ्याला एक फुटावरून इंचात सुमारे तीनशे ठिपके वेगळे दिसतात, एक मीटरवरून जेमतेम नव्वद. म्हणजे तीस बाय वीस इंचांचे चित्र मीटरभर अंतरावरूनच पाहिले जाणार असेल, तर पाच मेगापिक्सेल पुरतात. २००४ साली आलेल्या निकॉन डी ७० मध्ये सहा होते! मात्र लोक मीटरभर अंतरावर थांबत नाहीत. चित्रात शिल्प असेल तर ते पुढे सरकतात, मूर्तीच्या कंबरपट्ट्यावरची नक्षी निरखतात. दोन फुटांवरून इंचाला दीडशे ठिपके हवेत, म्हणजे साडेतेरा मेगापिक्सेल. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा याच आकाराला इंचामागे दोनशे ठिपके देतो. त्यापुढच्या आकड्यासाठी कर्ज काढण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय आकडा चौपट केला तरी चित्राची लांबी-रुंदी दुप्पटच होते, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही.

हे सारे एका मराठीच्या प्राध्यापकाने का सांगावे? कारण सोयाबीनचे पैसे हाती आले की दरवर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी विचारतो, “सर, किती मेगापिक्सेलचा घेऊ?” घरच्या पैशाचा प्रश्न आहे, आणि प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातो. दुसरे कारण आमच्या परिसराचे. शिरपूरचे जैन मंदिर, कारंजा लाडची जुनी मंदिरे, शेजारच्या बुलढाण्यातील लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे कोरीव छत यांची चित्रे मोबाइलमध्ये हजारोंनी असतील. भिंतीवर लावून तासभर पाहावे असे चित्र मात्र क्वचितच आढळते. गावोगावच्या जुन्या दगडावर जीर्णोद्धाराच्या उत्साहात ऑइलपेंट चढतो, हेही आपण पाहतोच. तो चढण्याआधी कुणीतरी नीट चित्र काढून ठेवायला हवे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. त्या काळी सामान्यतः जेवढी काच तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे तर मोठा कॅमेरा वाहून न्यावा लागे. एका चित्रासाठी तेव्हा जो वेळ दिला जाई, तो आपण आता आकड्याने भरून काढू पाहतो.

आता निवडीविषयी. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी आपले लक्ष आरसाविरहित कॅमेऱ्यांकडे वळवले आहे. म्हणून एसएलआर घेणे वेडेपणा ठरतो का? माझ्या मते उलट. भिंतीवरच्या चित्रासाठी सेकंडहँड एसएलआर हाच आज पहिला उत्तम कॅमेरा. निकॉन डी ७५० हा २०१४ सालचा. छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरचा सेन्सर, चोवीस मेगापिक्सेल. दोनशे मेगापिक्सेल मिरवणाऱ्या मोबाइलचा सेन्सर याच्यापुढे नखाएवढा. घेताना शटर किती वेळा उघडले गेले आहे तो आकडा तपासावा आणि लेन्सला बुरशी लागलेली नाही ना, हे उजेडाकडे धरून पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते.

उरलेले पैसे ट्रायपॉडवर घालावेत. हे मी आग्रहाने सांगतो, कारण ट्रायपॉड घेताना सगळे कंजूष होतात. सभामंडपाच्या अंधारात फ्लॅश मारला की शिल्पाचा उठाव सपाट होतो. सावली हेच तर त्याचे शरीर. त्यापेक्षा आयएसओ शंभरवर ठेवावा, छिद्र एफ आठच्या आसपास, आणि शटर लागेल तितके सेकंद उघडे राहू द्यावे. लाइव्ह व्ह्यू लावला की आरशाचा हादरा टळतो, दोन सेकंदांचा टायमर लावला की बोटाचा. पन्नास मिलिमीटरची साधी एफ १.८ लेन्स या कामाला पुरेशी आहे. फाइल रॉ ठेवावी. संरक्षित स्मारकात जाण्याआधी ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते का, याची चौकशी करावी. काळविटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्यात जाणाऱ्याचे गणित अर्थातच निराळे. तिथे सगळा पैसा लांब लेन्स खाते.

प्रिंटसाठी फ्लेक्सवाल्याकडे जाऊ नये, फोटो लॅबमध्ये जावे. पूर्ण आकाराचे पैसे देण्यापूर्वी फाइलच्या मधला बारा बाय आठ इंचांचा तुकडा, अंतिम चित्रातल्याच प्रमाणात, छापून घ्यावा. चोवीस मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये तो साधारण चोवीसशे बाय सोळाशे पिक्सेल भरतो. तो घरी भिंतीवर टाचावा आणि दोन फुटांवर उभे राहावे. कंबरपट्ट्याचे मणी मोजता आले, तर उरलेले चित्र खुशाल छापायला द्यावे.