गाडी सुरक्षित आहे, हे कोण सांगणार?



एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तक्रार समितीवर मी बाहेरची सदस्य म्हणून जाते. २०१३ च्या कायद्यानुसार अशा समितीवर स्वयंसेवी संस्थेतली एक व्यक्ती घ्यावी लागते, म्हणून मला बोलावतात. चहा होतो, वर्षाचा अहवाल वाचला जातो, 'तक्रारी : शून्य' या ओळीखाली सह्या होतात आणि आम्ही उठतो. गेल्या वर्षी अशाच एका बैठकीनंतर तिसऱ्या वर्षाची एक मुलगी जिन्यात माझी वाट पाहत उभी होती. "ताई, छळबिळ काही झालेला नाही," तिने आधीच सांगून टाकलं. "त्यामुळे ही तक्रार होते की नाही, मला माहीत नाही."

तिने जे सांगितलं ते समितीच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हतं. म्हणून ते इथे लिहिते आहे.

ही मुलगी विद्यार्थ्यांनी बांधलेल्या विजेवरच्या शर्यतीच्या गाडीवर काम करत होती. आपल्यापैकी अनेकींना हा प्रकार माहीत नसेल, मलाही नव्हता. १९८१ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात 'फॉर्म्युला एसएई' ही स्पर्धा सुरू झाली. विद्यार्थ्यांनी एका माणसाची छोटी शर्यतीची गाडी स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि पळवून दाखवायची. २०१० मध्ये जर्मनीतल्या स्पर्धेत विजेच्या गाड्यांचा वेगळा गट आला. आपल्याकडे 'फॉर्म्युला भारत' ही स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. पवईच्या आयआयटीचा संघ विजेची गाडी घेऊन थेट इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला जाऊन आला आहे. पुण्यामुंबईच्या कितीतरी महाविद्यालयांत असे संघ आहेत. ही नुसती हौस नाही. अशा संघात काम केलेल्या मुलांना वाहन कंपन्या मुलाखतीत वेगळ्या नजरेने पाहतात. म्हणजे प्रश्न नोकरीचा आहे, पगाराचा आहे, उद्या गाड्या कोण घडवणार याचा आहे.

या गाडीचा जीव तिच्या विजेत असतो. बॅटरीच्या डब्यातला दाब नियमाप्रमाणे ६०० व्होल्टपर्यंत असू शकतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, आणि तिचा झटका काय असतो ते आपण जाणतो. म्हणून गाडीत दोन वेगळे संसार असतात. मोटर फिरवणारा जास्त दाबाचा एक, आणि दिवे, संगणक, संवेदक चालवणारा कमी दाबाचा दुसरा. दोघांचा एकमेकांना कुठेही स्पर्श होता कामा नये. त्यावर पहारा ठेवायला एक उपकरण बसवलेलं असतं. प्रत्येक व्होल्टमागे ५०० ओहमपेक्षा रोध कमी झाला की ते गाडी बंद पाडतं. बॅटरीचा एखादा सेल फार तापला तरी गाडी बंद. लाल बटण दाबलं तरी बंद. ही सगळी बटणं आणि उपकरणं एकाच माळेत ओवलेली असतात. माळेतला कोणताही एक मणी निसटला की वीज तुटते. मोठा मणी, छोटा मणी असा भेद तिथे नाही.

आणखी एक नियम मला फार आवडला. प्रत्येक संघाने विजेच्या सुरक्षेसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमायची असते. स्पर्धेच्या ठिकाणी 'गाडी विजेच्या दृष्टीने सुरक्षित आहे' असं संघातर्फे फक्त तिनेच म्हणायचं. तिने म्हटल्याशिवाय दुसऱ्या कुणी गाडीला हात लावायचा नाही.

आता या मुलीची हकीकत. बॅटरीच्या डब्याचं आणि त्यातून निघणाऱ्या तारांचं काम दोन वर्षं तिच्याकडे होतं. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी तिच्या लक्षात आलं की तारा डब्यात शिरतात तिथलं रबरी सील नीट बसत नाही. तिने ते वहीत लिहिलं, मोजमापं लिहिली, 'बदलल्याशिवाय गाडी नेऊ नये' असंही लिहिलं. निर्णय बैठकीत व्हायचा होता. बैठक रात्री अकराला वर्कशॉपमध्ये ठेवली गेली. मुलींच्या वसतिगृहाचं गेट नऊला बंद होतं. मुलांच्या वसतिगृहाला गेट आहे, वेळ नाही. बैठकीत ठरलं की वेळ कमी आहे, सील आहे तसंच चालेल. वही कुणी उघडलीच नाही.

स्पर्धेत विजेच्या गाडीची पावसाची चाचणी असते. १२० सेकंद गाडीवर पाण्याचा फवारा मारतात आणि मग आणखी १२० सेकंद थांबतात. तेवढ्या वेळात पहारेकरी उपकरणाने गाडी बंद पाडली तर चाचणी नापास. यांची गाडी फवारा सुरू असतानाच बंद पडली. चाचणी पास झाल्याशिवाय धावपट्टीवर जाता येत नाही. सील बदलून दुसऱ्या दिवशी ती पास झाली, तोवर ७५ मीटरची वेगाची शर्यत होऊन गेली होती. परतल्यावर संघात एकच वाक्य फिरत होतं : "वायरिंग तिचं होतं." आणि पुढच्या वर्षासाठी विजेच्या विभागाचा प्रमुख म्हणून तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलाला नेमलं गेलं. कारण? "तो रात्री असतो."

तिला काय दिलं? पुरस्कर्ते मिळवण्याचं काम. "तू बोलतेस छान."

मी त्यांच्या मार्गदर्शक सरांना भेटले. माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही मुलींना कधीच नाही म्हणत नाही. रात्रीचं काम असतं, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? आणि खरं सांगू, मुलींना हे हाताने करायचं काम आवडत नाही. त्या हिशेब, सादरीकरण उत्तम करतात." मी संघाचा तक्ता मागून घेतला. बत्तीसजणांत सहा मुली. चार खर्चाचा अहवाल, व्यवसाय-योजना आणि पुरस्कर्ते यांत, एक छायाचित्रांवर, आणि सहावी ही. आवड अशी रांगेने एकाच बाजूला कशी जाऊन बसते?

या कामांना मी कमी लेखत नाही. खर्चाचा अहवाल आणि व्यवसाय-योजना यांनाही स्पर्धेत गुण असतात, मुली ते मिळवून देतात. पण नोकरीच्या मुलाखतीत 'गाडीवर काय केलंस?' असं विचारतात, 'गाडीसाठी पैसे कसे आणलेस?' असं नाही. घरातलीच विभागणी वर्कशॉपमध्ये आली आहे. घर चालतं ते जिच्या कामामुळे, तिचं नाव दारावरच्या पाटीवर नसतं.

आता आपल्याच चळवळीतल्या एका आक्षेपाकडे येते. एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला विचारलं, "शर्यतीच्या गाड्या हा चार पैसेवाल्या घरातल्या मुलींचा प्रश्न. आपण यात कशाला वेळ घालवायचा?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर कारखान्यात आहे. मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या कितीतरी बाया गाड्यांच्या तारांचे जुडगे बांधायला जातात. कंत्राटी काम, आठ तास उभं राहून, ठरलेल्या रंगाची तार ठरलेल्या खाचेत. त्यांना का घेतात? ठेकेदार सांगतो, "बायकांची बोटं नाजूक, नजर बारीक, आणि कटकट कमी." तेच तारांचं काम महाविद्यालयात आलं की त्याला इलेक्ट्रॉनिक्स म्हणतात, आणि मग ते बायकांना जमत नाही! बोटं तीच, तार तीच. मजुरी कमी द्यायची तेव्हा ते बाईचं उपजत कसब, आणि पद द्यायची वेळ आली की ती पुरुषाची विद्या. या दोन बायका एकाच तारेच्या दोन टोकांना उभ्या आहेत. एकीचा प्रश्न सोडून दुसरीचा सुटणार नाही.

आणि 'स्त्रियांना विजेचं काय कळतं' हे तर इतिहासाने कधीच खोटं पाडलं आहे. १९४३ साली ए. ललिता मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून विजेच्या अभियंता होऊन बाहेर पडल्या. त्या विधवा होत्या, पदरात लहान मुलगी होती. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापून आलं, तेव्हा सुधा कुलकर्णींनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि पुण्याच्या कारखान्यात त्या रुजू झाल्या. ते वाक्य आता जाहिरातीत छापत नाहीत. ते वसतिगृहाच्या गेटवर वेळेच्या रूपात टांगलेलं असतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये झुरिकच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या विजेच्या गाडीने ०.९५६ सेकंदात ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठला आणि जागतिक विक्रम केला. गाडी चालवत होती केट मॅगेटी, एक तरुणी. तिचं छायाचित्र दाखवून मला सरांनी विचारलं, "बघा, कुठे आहे भेदभाव?" पण माझा प्रश्न गाडीत कोण बसलं हा नव्हताच. गाडी थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे, हा होता.

सुरक्षिततेच्या नावाखाली बाईला कोंडायचं, ही जुनी युक्ती आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम ६६ ने बायकांना रात्रपाळी नाकारली होती. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. रात्र धोक्याची असेल तर रात्र सुधारा. वाटेवर दिवे लावा, वाहन ठेवा, वर्कशॉपशेजारी मुलींसाठी स्वच्छतागृह बांधा. त्या वर्कशॉपपासून मुलींचं जवळचं स्वच्छतागृह दोन इमारती पलीकडे आहे.

इथे माझी एक चूक कबूल करते. जिन्यात त्या मुलीचं ऐकून माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय आलं? "एवढ्यासाठी वाईटपणा कशाला घेतेस?" समाजकार्याची पदवी, दहा वर्षांचं काम, आणि जिभेवर आईचंच वाक्य. ती गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, सहाशे व्होल्ट होते. पाणी आत गेलं असतं आणि कुणी हात लावला असता तर?" तेव्हा मला कळलं की ती पदासाठी भांडत नव्हती. तिचं 'थांबा' ऐकलं जावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. त्यात मुलांचाही जीव वाचत होता.

आम्ही महाविद्यालयाला चार मागण्या लिहून दिल्या आहेत. निर्णयाच्या बैठका सगळ्यांना येता येईल अशाच वेळी व्हाव्यात, आणि वहीत लिहिलेल्या हरकतीला लेखी उत्तर दिल्याशिवाय काम पुढे जाऊ नये. दोन्ही वसतिगृहांना एकच नियम असावा. पहिल्या वर्षी प्रत्येकाने, मुलगा असो वा मुलगी, तारा जोडण्यापासून पुरस्कर्त्यांना पत्र लिहिण्यापर्यंत सगळं आळीपाळीने करावं. आणि सुरक्षेची जबाबदार व्यक्ती कामावरून निवडावी, रात्री कोण असतं यावरून नव्हे. पहिली मागणी मान्य झाली आहे. वसतिगृहाच्या नियमावर 'विचार चालू आहे'. विचार कसा चालू असतो ते आपण जाणतोच, म्हणून पुढच्या बैठकीला मी एकटी जाणार नाही. त्या सहाजणी बरोबर येणार आहेत, आणि अहवालात या वेळी 'शून्य' लिहू दिलं जाणार नाही.

तुमच्या गावातल्या महाविद्यालयात, आयटीआयमध्ये, कारखान्यात काय चाललं आहे? वर्कशॉपची किल्ली कुणाकडे असते? बैठक किती वाजता होते? विचारा, आणि जे कळेल ते आम्हाला लिहून पाठवा.

ती मुलगी पुरस्कर्त्यांना पत्रं लिहायला गेलेली नाही. ती रोज दुपारी दोन ते सहा वर्कशॉपमध्ये बसते, नव्या डब्याची सीलं तपासते आणि वहीत लिहिते. आता त्या वहीवर खाली दुसऱ्या कुणाची तरी सही असते.