घसा बसणं हा प्रसाद नव्हे
मिरचीच्या पथारींचा हंगाम, नंदुरबारच्या हवेतच ठसका. गेल्या रविवारच्या बैठकीत माझी सोळा वर्षांची विद्यार्थिनी बसलेल्या घशानं गात होती. तार षड्जावर आवाज फाटला, तिनं पाण्याच्या तांब्याकडे हात नेला. यजमान गरजले, "थांबू नकोस! संस्थानिकानं अल्लादियाखाँसाहेबांना आवाज जाईस्तोवर गायला लावलं, म्हणून तर जयपूर-अत्रौली गायकी जन्मली!" लोकांनी माना डोलावल्या. तिनं हात मागे घेतला.

घटना खरी आहे. तरुणपणी खाँसाहेब माळव्यात अमलेट्याला होते. तिथल्या धन्याच्या हौसेपायी अतोनात गावं लागलं आणि गळा गेला. पुढे आवाज परतला, पण पहिली लवचीकता गेली ती गेलीच. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, लयीला चिकटून चालणारी गायकी त्यांनी बांधली. पण बांधली कशातून? वडील लवकर गेल्यावर काका जहांगीरखाँ यांनी वर्षानुवर्षं दिलेल्या तालमीतून. गळा बसला तेव्हा धृपदाची बैठक, अनवट राग, बंदिशींचा साठा डोक्यात शाबूत होता. तो साठा धन्यानं दिला नव्हता. त्याला घराणं नको होतं, आणखी एक तान हवी होती. आणि अशा हौसेपायी ज्यांचा गळा कायमचा गेला, त्यांचं काय? त्यांच्या नावानं ना घराणं, ना पुण्यतिथी. एक वाचला म्हणून बुडवणाऱ्याला हार घालायचा?

  

आश्रय हवाच, तो कोल्हापूरसारखा. १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांनी खाँसाहेबांना दरबारात घेतलं आणि १९२२ मध्ये महाराज गेले तोवर ते आसन टिकलं. तिथं गायकी मुरली. भास्करबुवा बखल्यांसारखा शिष्य लाभला. घसा फोडून यातलं काय मिळालं असतं?

मुलीला मी पंधरा दिवस गाणं बंद ठेवायला सांगितलं आहे. काल ती आली, तंबोरा जुळवला आणि धाकट्या मुलांचा पाठ संपेपर्यंत छेडत बसली.