एक छोटीशी स्क्रिप्ट मार ना!

"अर्ध्या तासाचं काम आहे रे!" आयटीत दोन-तीन वर्षं काढलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. म्हणणाऱ्याने स्वतः शेवटची स्क्रिप्ट कधी लिहिली ते विचारू नये. बाकी कामांचं राहू दे, पण जिरातल्या मल्टी-यूजर फील्डच्या बाबतीत हे वाक्य शुद्ध बेजबाबदार आहे.

ज्यांचा जिराशी कधी संबंध आला नाही त्या सुखी जीवांसाठी थोडक्यात: तिकिटाचा असायनी एकच असतो, पण रिव्ह्यू करणारे, मंजुरी देणारे अनेक. म्हणून अ‍ॅडमिन एक असं फील्ड बनवतो की ज्यात कितीही माणसं बसतात. (अ‍ॅटलॅसियनची मंडळी आधी बगझिला वापरायची. त्यावरून गॉडझिला, त्याचं जपानी नाव गोजिरा, आणि त्याचं शेपूट म्हणजे जिरा. राक्षसाचं नाव आहे, उगाच नाही.)

आता एक लीड कंपनी सोडून गेली, तिच्या जागी दुसरा आला. ३००० तिकिटांत नाव बदलायचंय. हे हाताने करायला कोण बसणार? स्क्रिप्ट हवीच. पण या फील्डवर रेस्ट एपीआयमधून तीन क्रिया चालतात: सेट, अ‍ॅड आणि रिमूव्ह. घाईतला माणूस सेट वापरतो. सेट म्हणजे आधीची सगळी नावं पुसा आणि मी देतो तेवढीच ठेवा. 'फील्ड्स'मध्ये नुसतं मूल्य टाकून पाठवलंत तरी तेच. स्क्रिप्टरनरवर ग्रूव्हीतून फील्डला नवी यादी दिलीत तरी तेच. एरर वगैरे काही येत नाही. सर्व्हर मुकाट्याने २०४ परत करतो, लिहिणारा 'डन' असा मेल टाकून चहाला जातो.

"मग काय, गेलेली नावं परत टाकू की!" अहो, पण ते फील्ड शोभेचं नसतं ना. जिराच्या परमिशन स्कीममध्ये आणि इश्यू सिक्युरिटीमध्ये 'यूजर कस्टम फील्ड व्हॅल्यू' असा एक पर्याय आहे. तो लावलेला असेल तर यादीत नाव असणं म्हणजेच तिकीट दिसणं. नाव गेलं की तिकीटही डोळ्यांसमोरून गेलं. आणि जे दिसतच नाही ते हरवलंय हे कळणार कसं? उलटंही होतं: भलतं नाव घुसलं की भलत्या माणसाच्या हातात किल्ली.

एका प्रोजेक्टवर (नाव नको) मंजुरीच्या यादीतून एक बाई अशाच गळाल्या. पुढे ऑडिटमध्ये त्यांनाच विचारलं गेलं, तुम्ही मंजुरी का दिली नाहीत? हिस्टरीत जुनी आणि नवी दोन्ही मूल्यं होती, बदल करणारा म्हणून 'अ‍ॅडमिन' होता. पण ते उकरून दाखवायचं काम पडलं त्या बाईंवर. स्क्रिप्टवाला तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला होता, अप्रेझलमध्ये 'ऑटोमेशन' असं लिहून.

बरं, नावं तरी धड असतात का? क्लाउडवर २०१९ पासून एपीआयमध्ये यूजरनेम चालत नाही, अकाउंट आयडी लागतो. मग कुणीतरी हुशार डिस्प्ले नेमवरून आयडी शोधतो. एका मजल्यावर तीन अमित कुलकर्णी असतात राव आपल्याकडे! सर्चमध्ये पहिला सापडला तो घेतला, झालं.

नीट करायचं तर फार काही अवघड नाही. जेक्यूएलने निघालेल्या तिकिटांची आजची यादी आधी सीएसव्हीत काढून ठेवायची. जाणाऱ्याला रिमूव्ह, येणाऱ्याला अ‍ॅड, बाकीच्यांना हात लावायचा नाही. पाच तिकिटांवर चालवून माणसांना दाखवायचं. स्क्रिप्टला स्वतःचं वेगळं खातं द्यायचं, म्हणजे हिस्टरीत कुणी काय केलं ते कळतं. आणि 'नोटिफाय यूजर्स' बंद करायचं (त्याला अ‍ॅडमिनचे हक्क लागतात, आधीच मागून ठेवा), नाहीतर सोमवारी सकाळी लोक तुमच्या नावाने ठणाणा करतील.

या सगळ्याला दीड दिवस लागतो. एस्टिमेटमध्ये दीड दिवसच लिहा. मॅनेजर कुरकुरेल. त्याला एवढंच विचारा, की त्या ३००० तिकिटांपैकी किती ठिकाणी तुमचं स्वतःचं नाव आहे, आणि ते कुणी टाकलं होतं?