काढ्याने फुफ्फुसं धुतली जात नाहीत

थंडी पडली की परभणीत काढ्याचा प्रचार जोर धरतो. प्रचारकांचं म्हणणं थोडक्यात असं: अडुळसा, तुळस, आलं, मिरी, ज्येष्ठमध उकळून रोज प्या, फुफ्फुसं आतून धुऊन निघतात, दमा मुळासकट जातो आणि पंपाची सवय सुटते. प्यालेला काढा पोटात जातो, हे या मंडळींना कुणीतरी सांगायला हवं. चुकून एक थेंब श्वासनलिकेत गेला तरी ठसका लागतो. फुफ्फुसांची सफाई करतात ते श्वासनलिकांच्या आतले सूक्ष्म केस. कफ आणि त्यात अडकलेली धूळ ते सतत वर ढकलत असतात, आणि धुराने नेमके तेच निकामी होतात. मग जिंतूर-गंगाखेडच्या खेड्यांत हा काढा उकळतो कशावर? उज्ज्वला योजना 2016 साली आली, पण गॅसची टाकी भरायला पैसे लागतात, पऱ्हाट्या आणि तुराट्या मात्र शेतातून फुकट येतात. बाई चुलीपुढे वाकून फुंकणी फुंकते, डोळे चोळते, खोकते. वरचे पत्रे काजळीने काळेकुट्ट झालेले. काढा आटेपर्यंत तिने जो धूर ओढला, तो पेलाभर काढा कसा बाहेर काढणार? मानवत-सेलूच्या जिनिंगमध्ये कापसाची धूळ छातीत घेणाऱ्या मजुरालाही हेच लागू आहे. फुफ्फुसांच्या आरोग्यावर बोलायचं आणि धूर-धुळीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, याला मी आरोग्यविचार म्हणत नाही.

पंपाबद्दलचा अपप्रचार तर जीवघेणा आहे. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं, गोळीत 4 मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसपट. तरी गोळी चालते आणि पंप ‘जहाल’ ठरतो. दम्याच्या रुग्णाने रोजचा पंप काढ्यापायी सोडला, तर अ‍ॅटॅक बळावतो. घरगुती ते निर्धोक, हेही खोटं: ज्येष्ठमध रोज भरपूर घेतल्याने रक्तदाब वाढतो, आणि वर्षाआतल्या बाळाला मध देऊ नये.

यावर आयुर्वेदद्वेषाचा जुनाच आरोप होईल. तो वाद इथे गैरलागू आहे. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच तयार झालं. झाडपाल्यात गुण असतो, म्हणूनच त्याची मात्रा आणि मर्यादा तपासावी लागते. ‘पिढ्यान्‌पिढ्या घेतात’ एवढ्याने ते काम होत नाही.

साध्या सर्दी-खोकल्यात आल्याचा रस आणि मध जरूर घ्या. मधाने खोकल्याला उतार पडतो, याला अभ्यासांचा आधार आहे. चुलीवर धुराडं बसवा, जमेल तेवढा स्वयंपाक गॅसवर करा, बिडी सोडा, दम्याचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, ताप येऊ लागला, वजन उतरू लागलं, तर आणखी एका काढ्याची वाट न पाहता थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.