विद्येच्या दारी सावकार

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या शेजारातील एक गृहस्थ बँकेची नोटीस घेऊन माझ्याकडे आले. एस. टी.त वाहक म्हणून उभा जन्म काढलेला हा माणूस. मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी काढलेल्या कर्जावर सहकर्जदार म्हणून त्यांची सही आहे. मुलाला नोकरी मिळाली ती महिना पंधरा हजारांची. हप्ते थकले. ते म्हणाले, "सर, माझ्या वडिलांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला. मी शिकलो म्हणून सही केली. फरक तो काय झाला?" अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माझ्यापाशी त्याला उत्तर नव्हते.

हिशेब करून पाहा. दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत 6 लाख रुपये 10 टक्के व्याजाने उचलले. अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभर हप्ता नाही, ही सवलत. परंतु व्याजाला सुट्टी नसते. साध्या व्याजानेही या काळात 2 लाख 10 हजार रुपये चढतात. मग 8 लाख 10 हजारांची फेड दहा वर्षांत करायची, तर महिना सुमारे 10,700 रुपये आणि एकूण भरणा 12 लाख 85 हजारांच्या घरात. ज्याच्या बापाजवळ रोख 6 लाख आहेत, त्याला तीच पदवी 6 लाखांत मिळते. गरिबाला ती दुपटीने पडते. याला समान संधी म्हणायचे काय?

ही अवस्था आपोआप आलेली नाही. 1983 साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि शिक्षणाचा भार तिजोरीवरून पालकांच्या शिरावर सरकवण्याचा राजमार्ग खुला झाला. देणग्यांचा बोभाटा झाल्यावर 1987 चा कॅपिटेशन फीविरोधी कायदा आला, पण मार्ग बदलला नाही. 2000 साली अंबानी-बिर्ला अहवालाने तर 'जो वापरील तो मोल देईल' हे तत्त्व उघडपणे मांडले आणि ज्याच्याजवळ मोल नाही त्याला कर्जाचा रस्ता दाखवला. पुढच्याच वर्षी बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना अवतरली. शुल्क वाढवायचे आणि ते परवडावे म्हणून कर्ज द्यायचे, असा हा दुहेरी पेच आहे.

या धोरणाचे समर्थक हल्ली जोतीराव फुल्यांचा दाखला देतात. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी रयतेच्या श्रमातून आलेला महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, असा आक्षेप घेतला होता, हे खरेच आहे. पण त्यांचे मागणे काय होते? तो पैसा वंचितांच्या मुलांपर्यंत पोचावा हे. त्या मुलांना सावकाराच्या ओट्यावर बसवा, असे नव्हे! आज शेतकऱ्याची, कामगाराची, दलिताची पहिली पिढी महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर पोचली, नेमक्या त्याच वेळी उंबरठ्यावर किमतीची पाटी लागावी, हा योगायोग मानायला मी तयार नाही. पदवीमुळे ज्याचे उत्पन्न वाढते त्याने समाजाचे ऋण फेडावे, हे मान्य. त्यासाठी चढत्या श्रेणीचा आयकर आहे. तो कमाई झाल्यावर घेतला जातो. कर्जाचा हप्ता मात्र कमाई होवो न होवो, दारात उभा राहतो.

ही वाट कोठे जाते ते अमेरिकेकडे पाहून कळावे. तेथे चार कोटींहून अधिक लोकांवर केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्जाचा 1.6 लाख कोटी डॉलरहून मोठा बोजा आहे. त्यातील काही भाग माफ करण्याची योजना 2023 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राला जे पेलले नाही, ते आपण आदर्श म्हणून का उचलावे?

सरकार काहीच करीत नाही, असे नाही. 2024 साली महाराष्ट्र शासनाने 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मागास व दुर्बल घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. स्वागत असो! तिजोरी हा भार उचलू शकते, हे त्याने सिद्ध झाले. मात्र वसतिगृह आणि खानावळीचा खर्च शिल्लकच राहतो, आणि शासनाचा पैसा सार्वजनिक महाविद्यालये उभारण्याऐवजी खासगी संस्थांच्या गंगाजळीत जातो.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. शिक्षणकाळातील व्याज शासनाने सोसावे. किमान निर्वाहाइतके उत्पन्न होईपर्यंत हप्ता नसावा आणि म्हाताऱ्या आईबापांकडून वसुली नसावी. कोठारी आयोगाने 1966 साली सुचवलेला राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्क्यांचा खर्च प्रत्यक्षात यावा आणि त्यातून सरकारी महाविद्यालये व वसतिगृहे वाढावीत.

शेवटी एक कडू गोष्ट. शिक्षणाचा बाजार मांडणाऱ्यांत कालचे आपले सहप्रवासीही आहेत. आणि अनुदानित महाविद्यालयांत पगार घेणारे माझ्यासारखे प्राध्यापक आपल्या वेतनश्रेणीसाठी जितके रस्त्यावर आले, तितके विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी आले नाहीत. ते पाप फेडण्याचा मार्ग एकच. शाहू महाराजांनी वसतिगृहे काढली, भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका'ची वाट घातली. आपण निदान तालुक्यातालुक्यांत कर्जदार विद्यार्थी-पालकांना एकत्र आणावे, नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले शुल्क आणि प्रत्यक्ष वसुली यांचा ताळा जाहीरपणे घ्यावा. नोटीस एकट्याच्या हातात असते तोवर ती त्याची लाज असते. शंभर नोटिसा एका सभेत आल्या, की ती शासनाची लाज ठरते.