भिंतीवरचा शेजारी

मुंबईच्या भिंती गेल्या काही वर्षांत पुष्कळच रंगल्या आहेत. उड्डाणपुलांचे खांब, शाळांची कुंपणे, रेल्वेमार्गालगतच्या भिंती यांवर मोर, कमळे आणि फुलपाखरे अवतरली आहेत. पानाच्या पिचकाऱ्यांपेक्षा हे दृश्य सुखद आहे, यात शंका नाही. परंतु तो मोर परळच्या भिंतीवर आहे की पाटण्याच्या, हे त्याच्याकडे पाहून कोणासही सांगता येणार नाही. शहर सजविणे निराळे आणि शहराला त्याची स्वतःची ओळख पटविणे निराळे. या दुसऱ्या कार्याकडे नागरिकांचे व महानगरपालिकेचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

२०१४ साली वांद्र्यास दूरध्वनी निगमाच्या उंच इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र रंगविण्यात आले. हा गौरव सर्वथा उचितच होता. पण ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित झाला तो दादरला, आणि ३ मे १९१३ रोजी तो लोकांपुढे आला गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात. वांद्र्याच्या त्या उंचीवर फाळके महापुरुष दिसतात; दादरच्या एखाद्या गल्लीतील भिंतीवर ते शेजारी दिसतील. तेथे त्यांच्याबरोबर सरस्वतीबाईंचेही चित्र असावे लागेल. चित्रीकरणाला जमलेल्या माणसांसाठी ज्यांनी स्वयंपाक रांधला आणि ज्यांनी फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही केले, त्यांना इतिहासाने अद्याप पुरेशी जागा दिलेली नाही.

अशा शेजाऱ्यांची या शहरात वाण नाही. परळच्या बी. आय. टी. चाळीतील ५० क्रमांकाच्या खोलीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशके राहिले. १९२० चा ‘मूकनायक’ आणि १९२७ चा महाडचा सत्याग्रह याच वास्तव्यातील. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे यांचा संसार एका झोपडीत होता. १८८४ साली परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरविणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. आज ती सुट्टी उपभोगणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

हा प्रश्न आताच विचारण्यास कारण आहे. ज्या चाळींच्या सज्जांत या आठवणी तोंडोतोंडी जगल्या, त्या चाळी आता पडत आहेत. बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या कोंबलेल्या कुटुंबांना प्रशस्त घर मिळावे, यास कोणताही सहृदय मनुष्य आक्षेप घेणार नाही. परंतु सज्जा गेला की सज्जातील गप्पाही जातात, आणि तेविसाव्या मजल्यावर वाढणाऱ्या नातवाला आजोबांच्या मोर्चाची हकिगत सांगणारे कोणी उरत नाही.

येथे लॉस एंजेलिसचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील पूरनियंत्रण कालव्याच्या भिंतीवर ज्युडिथ बाका या चित्रकर्तीने १९७६ पासून काही उन्हाळे घालवून सुमारे अर्धा मैल लांबीचे चित्र घडविले. तिच्या हाताखाली चारशेंहून अधिक तरुणांनी काम केले. त्यांनी केवळ थोरवी रंगविली नाही; दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे नागरिकही त्या भिंतीवर आहेत. रंगविण्यापूर्वी मुलांना आपल्याच शहराचा इतिहास समजून घ्यावा लागला. खरे काम तेच होते.

नळाला पाणी नाही तेथे चित्रे कसली, असे कोणी म्हणेल. पाणी मागण्याचे बळही वस्तीच्या आत्मभानातूनच येते, हे लोखंड्यांचे चरित्र सांगते. दोन पावसाळ्यांत रंग उडेल, हा आक्षेप तर आम्हांस अनुकूलच वाटतो. गणपतीपूर्वी मंडप जसा दरवर्षी नव्याने उभारतो, तसे चित्रही पुन्हा रंगविले जावे. म्हणजे प्रत्येक नव्या पिढीला ती हकिगत पुन्हा विचारावी लागेल.

खरा धोका निराळाच आहे. भिंत मोकळी दिसली की तिच्यावर हयात पुढाऱ्याची मुद्रा उमटते. म्हणून महानगरपालिकेने भिंती द्याव्यात, पण काही अटी घालून द्याव्यात. चित्राचा विषय वस्तीच्या खुल्या सभेत ठरावा. हयात व्यक्तीचे चित्र काढू नये. चित्राखाली नाव, काळ आणि त्या वस्तीशी असलेला संबंध पडताळून लिहावा. पुतळा ज्यांच्या वाट्याला येणार नाही अशा शाहिरांना, सुईणींना, शिक्षकांना आधी स्थान मिळावे. आणि जुन्या चाळीच्या जागी जो मनोरा उठेल, त्याच्या तळमजल्याची एक भिंत या कामासाठी राखून ठेवण्याची तरतूद मंजुरीच्या वेळीच व्हावी.

रंगाचा खर्च थोडा आहे. विचारपूस करण्याचे कष्ट मात्र मोठे आहेत, आणि ते नागरिकांनीच घ्यावयाचे आहेत. ज्या वृद्धांना सांगता येते ते अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे जाण्यास उशीर करून चालणार नाही.